गुराख्यांची गाणी आणि गळालेली नावे

या खेपेला जरा दूरच्या मुलखातल्या गाण्यांची गोष्ट सांगायची आहे. कुणी म्हणेल, आपली भीमगीते सोडून अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांशी आपल्याला काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण ही गाणी गाणारी पोरे कोण होती आणि ज्या माणसांच्या जगण्यावर ही गाणी उभी आहेत ती माणसे कोण होती, हे एकदा समजले की पिंपरीच्या खराळवाडीत, निगडीच्या ओटास्कीममध्ये नाहीतर चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला ही गोष्ट परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

गाण्यांच्या त्या तबकडीचे नाव 'कूल वॉटर', म्हणजे थंडगार पाणी. आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने ती १९५९ साली बाजारात आणली. गाणाऱ्या गटाचे नाव 'सन्स ऑफ द पायोनियर्स'. मोठ्या काठाची टोपी घातलेला, घोड्यावर मांड ठोकून बसलेला काउबॉय आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिलेला आहे. त्याच्या रानातल्या, वाळवंटातल्या, रात्रीच्या पहाऱ्यातल्या आयुष्याची ही गाणी आहेत. काही पुरुषांचे एकत्र आवाज, सोबत गिटार आणि फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन. एवढाच सरंजाम. आता तर मोबाईलवर गटाचे नाव टाकले की ही गाणी ऐकायला मिळतात. इंग्रजी नीट कळले नाही तरी बिघडत नाही. एकदा ऐकून पाहावे.

तीन मजुरांचा गट

या गटाचा पाया घातला तिघा तरुणांनी. पहिला लिओनार्ड स्लाय. जन्म १९११ सालचा, सिनसिनाटी शहरातला. बाप बुटांच्या कारखान्यात कामाला होता, आणि पोरगाही शाळा सोडून तिथेच लागला. १९३० साली घरचे लोक पोटासाठी कॅलिफोर्नियात आले. ते जागतिक मंदीचे दिवस होते. लिओनार्डने खडीचा ट्रक चालवला, बागांतून पीचची फळे तोडली, फळतोड्या मजुरांच्या छावणीत दिवस काढले.

दुसरा बॉब नोलन. जन्माने कॅनडाचा, कोवळ्या वयात ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात येऊन पडलेला. तिथल्या उन्हाने आणि उजाड माळाने त्याच्या मनावर जो ठसा उमटवला तो जन्मभर पुसला नाही. पोट भरण्यासाठी त्याने समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षकाची नोकरी केली. मग गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली. तिसरा टिम स्पेन्सर. तो किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या गोदामात काम करायचा.

म्हणजे बघा, कारखाना कामगार, हमाली करणारा कवी आणि गोदामातला मजूर. तिघांतल्या एकाचाही गुरे हाकणे हा धंदा नव्हता. १९३३ साली तिघे एकत्र आले, खानावळवजा घरात एकत्र राहिले आणि तासन्‌तास सराव करू लागले. गटाला नाव दिले 'पायोनियर ट्रायो', म्हणजे आद्य वसाहतकऱ्यांचे त्रिकूट. एका रेडिओ निवेदकाने ही कोवळी पोरे पाहिली आणि म्हणाला, हे कसले आद्य, ही तर त्यांची लेकरे! तेव्हापासून 'सन्स', म्हणजे लेकरे, हा शब्द नावाला चिकटला. पुढे टेक्सासचे ह्यू फार आणि कार्ल फार हे दोघे भाऊ येऊन मिळाले. एक फिडल वाजवायचा, दुसरा गिटार.

१९३४ साली त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्यांतले एक गाणे नोलनचे, 'टम्बलिंग टम्बलवीड्स'. वाळवंटात एक झुडूप असते. ते वाळले की मुळापासून तुटते आणि वारा नेईल तिकडे गडगडत जाते. त्यावरचे हे गाणे. गंमत अशी की मूळ कविता शहरातल्या झाडांच्या उडत्या पानांवर होती. श्रोते चुकून झुडपाचे नाव घेऊन फर्माईश करू लागले, म्हणून नोलनने गाणेच बदलले. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ते गाणे आहे. बेकारीच्या दिवसांत जो तो गाव सोडून वाट फुटेल तिकडे चालला होता. त्या माणसांना आपली अवस्था त्या गडगडणाऱ्या झुडपात दिसली असेल तर नवल नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर सोडून या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या आपल्या आई-वडिलांना विचारा. मुळापासून तुटून वाऱ्याबरोबर जाणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वेगळे सूर, एक बोल

या गटाची खरी ओळख म्हणजे त्यांची हार्मनी. हा प्रकार आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून थोडे समजून घेऊ.

आपल्या जलशात मुख्य शाहीर ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. शाहिराचा जो सूर तोच झीलकऱ्यांचा. आवाज चढतो, जोर येतो, पण सूर एकच राहतो. हार्मनीत तसे नसते. तिघे जण एकच शब्द एकाच क्षणी म्हणतात, पण प्रत्येकाचा सूर निराळा असतो. घरात पेटी असेल तर एक प्रयोग करावा. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबाव्यात. तीन वेगळे सूर ऐकू येतात आणि तरीही भांडण न होता एक चौथाच गोडवा तयार होतो. पेटी जे पट्ट्यांनी करते ते ही मंडळी गळ्याने करायची.

हे ऐकायला सोपे वाटते, करायला फार अवघड. आपला सूर सोडून शेजाऱ्याच्या सुरात घसरायचे नाही. श्वास सगळ्यांनी एकाच जागी घ्यायचा. शब्द एकाच वेळी उचलायचा आणि एकाच वेळी सोडायचा. आणि मुख्य म्हणजे कुणीही आपला आवाज पुढे काढायचा नाही. ज्याचा आवाज जास्त चांगला त्यानेही स्वतःला आवरायचे. असेंब्ली लाईनवर काम केलेल्या माणसाला हे चटकन समजेल. एकाचा हात मागे पडला की पुढच्याचे काम अडते, आणि एकाने घाई केली तरी माल बिघडतो. वस्तीतल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी हा धडा घेण्यासारखा आहे. सगळ्यांनी एकाच सुरात ओरडले म्हणजेच एकी असे नाही. आपापला सूर सांभाळूनही एक बोल बोलता येतो.

तहानेचे गाणे

तबकडीला ज्या गाण्याचे नाव दिले आहे ते 'कूल वॉटर' नोलनने रचले. त्याची मूळ कविता त्याने ॲरिझोनात शाळेत असताना लिहिली होती. या गटाने हे गाणे १९४१ साली गाजवले, आणि पुढे कितीतरी गायकांनी ते आपापल्या ढंगात म्हटले. गाण्यात एक माणूस आणि त्याचे खेचर वाळवंटातून चालले आहेत. घसा कोरडा पडला आहे. समोर पाणी चकाकते, पण ते मृगजळ आहे. माणूस खेचराला समजावतो की तिकडे पाहू नकोस, ते खरे नाही. मागून बाकीचे गायक 'पाणी' हा एकच शब्द हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. तो शब्द लांबून येणाऱ्या हाकेसारखा वाटतो.

ऐकताना आमच्या मनात सहजच महाडचे चवदार तळे आले. त्या गाण्यातल्या माणसाला पाणी दिसते, पण ते खोटे असते. आपल्या पूर्वजांना दिसणारे पाणी खरे होते. ते डोळ्यांसमोर होते, जनावरांना मोकळे होते आणि माणसांना बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. वाळवंटातली तहान निसर्गाची असते, ही तहान माणसांनी लादलेली होती. म्हणूनच त्यांच्या गाण्यात करुणा आहे, आणि आपल्या पाण्यावरच्या गाण्यांत करुणेबरोबर हक्काची भाषा आहे. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकली की दोन्ही अधिक कळतात.

काउबॉय म्हणजे नेमका कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पडद्यावरचा काउबॉय गोरा, देखणा आणि कुणाचा ताबेदार नसलेला असा असतो. प्रत्यक्षातला काउबॉय हा महिन्याच्या पगारावर राबणारा मजूर होता.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने बंद झाली. टेक्सासच्या माळावर लांब शिंगांची गुरे लाखोंनी वाढली होती. उत्तरेकडच्या शहरांना मांस हवे होते. पण टेक्सासमधून आगगाडी नव्हती. म्हणून गुरांचे कळप पायी हाकत कॅन्सस राज्यातल्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे. १८६७ साली अबिलीन गावी गुरे चढवण्याची मोठी सोय झाली आणि या धंद्याला तेजी आली. दोन-अडीच हजार जनावरांचा एक कळप आणि त्याच्यामागे दहा-बारा माणसे. दिवसाला दहा-पंधरा मैलांची मजल. प्रवास दोन-तीन महिन्यांचा. धुळीने भरलेले डोळे, पुराने फुगलेल्या नद्या, विजांचा कडकडाट. आणि पगार महिन्याला पंचवीस ते चाळीस डॉलर. उत्तरेच्या बाजारात एखाद्या जनावराची किंमतही जवळपास तेवढीच यायची. म्हणजे माणसाचा महिना आणि एक बैल, दोघांचा भाव सारखा!

गाण्यांचा जन्म इथेच झाला. रात्री कळप बसला की पहाऱ्याच्या पाळ्या लागायच्या. सुमारे दोन-दोन तासांची पाळी. दोन स्वार कळपाभोवती उलट दिशांनी फेऱ्या मारायचे आणि सतत गात राहायचे. कारण अंधारात एखादी काडी मोडली, वीज चमकली तरी गुरे बिथरून धावत सुटायची आणि माणसे पायाखाली यायची. ओळखीच्या आवाजाने जनावर शांत राहते. तेव्हा हे गाणे करमणुकीचे नव्हते, ते कामाचे हत्यार होते. स्वाराला झोप लागू नये हाही त्याचा एक उपयोग. तिसऱ्या पाळीत पहाटे तीन वाजता मशीनवर उभे राहून गुणगुणणाऱ्या कामगाराला यातले मर्म सांगायला नको.

या काउबॉयांनी संपही केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? १८८३ साली टेक्सासच्या उत्तर भागातल्या काही मोठ्या कुरणांवरच्या काउबॉयांनी पन्नास डॉलर पगार मागितला. मालकांनी त्यांना स्वतःची जनावरे पाळायलाही मनाई केली होती, त्याचाही राग होता. मालकांनी संपकऱ्यांना काढून टाकले, नवी माणसे घेतली आणि संप मोडला. सिनेमात बंदुकीच्या चकमकी शंभर वेळा दाखवल्या गेल्या, पण हा संप दाखवायची बुद्धी फारशी कुणाला झाली नाही.

चेहरा कसा बदलला

आणखी एक गोष्ट पडद्याने लपवली. इतिहासकारांचा अंदाज असा की त्या काळातल्या दर चार काउबॉयांत सुमारे एक काळा होता. मेक्सिकन तर पुष्कळच होते. किंबहुना गुरे राखण्याची ही सगळी विद्या मूळची मेक्सिकन 'वाकेरों'ची. काळे लोक टेक्सासमध्ये गुलाम असतानाच मालकाची गुरे राखत होते. सुटका झाल्यावर त्याच कामाला पगारावर लागले. उधळे घोडे वठणीवर आणणे, पूर आलेल्या नदीत आधी उतरून पाहणे, अशी जोखमीची कामे त्यांच्या वाट्याला यायची. कळपाचा मुकादम होण्याची संधी मात्र क्वचितच.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. नेमक्या त्याच दशकात ते मुक्त झालेले गुलाम घोड्यावर बसून गुरे हाकत होते आणि रात्री गात होते. जोतीरावांचे अर्पण ज्या मुक्तीला होते, तिच्यातलीच ही माणसे.

पुढे गाणी बाजारात आली, सिनेमा आला. आपल्या गटातला तो बूट कारखान्यातला लिओनार्ड १९३७ साली गटातून बाहेर पडला, 'रॉय रॉजर्स' नावाने नायक झाला आणि 'काउबॉयांचा राजा' म्हणून गाजला. काळे काउबॉय त्या पडद्यावर जवळजवळ नव्हतेच. काळ्या प्रेक्षकांची थिएटरे वेगळी होती. तिथे दाखवण्यासाठी १९३७ साली 'हार्लेम ऑन द प्रेअरी' नावाचा निराळा सिनेमा निघाला, त्यात हर्ब जेफ्रीज गाणारा काउबॉय झाला. पाणवठा वेगळा असतो तसा पडदाही वेगळा!

आम्ही नोलन-स्पेन्सर यांना दोष देत नाही. तेही मजूरच होते, आणि त्यांची गाणी त्यांनी स्वतः रचली, कुणाची चोरली नाहीत. दोष चालीचाही नाही. पण गाणे कष्टकऱ्याच्या तोंडून निघून तबकडीवर, तबकडीवरून पडद्यावर गेले, आणि या प्रवासात कुणीतरी वाटेत उतरवले गेले. उतरवला गेला तो काळा गुराखी.

हे आपल्याला नवे नाही. आपल्या गवळणींमध्ये गुरे राखणारा कृष्ण देव आहे. पण गावच्या माळावर गुरे राखणारा पोरगा मात्र 'ए गुराख्या' एवढ्याच नावाचा धनी. चाकणच्या शनिवारच्या बाजारात आजही जनावराचे दात पाहतात, शिंगे पाहतात, वय विचारतात. ते जनावर राखणाऱ्या पोराचे नाव कोण विचारतो? आपल्या बापजाद्यांचे आणि जनावरांचे नाते तर त्याहून विचित्र. जनावर जिवंत असेपर्यंत ते पाटलाचे, मेले की आमचे. हे ओझे टाकून द्या असे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत सांगितले आणि लोकांनी ते टाकले. चांगलेच झाले. पण ओझे टाकताना त्या पिढ्यांनी रानात गायलेली गाणीही मागे राहिली. ती कुणी लिहिली नाहीत.

ज्याने नाव सांगितले

आता या गोष्टीतला सर्वांत चांगला भाग. चार्ली विलिस नावाचा एक काळा काउबॉय होता. जन्म १८४७ सालचा, गुलामगिरीतला. १८६५ साली सुटल्यावर तो टेक्सासमध्ये गुरांच्या कामाला लागला, उत्तरेकडे कळप घेऊन गेला. त्याला पुष्कळ गाणी यायची. तो ज्यांच्याकडे कामाला होता त्यांच्या लहान मुलाला, जेस मॉरिसला, त्याने घोड्याचा निरोप घेणारे एक गाणे शिकवले. 'गुडबाय ओल्ड पेंट' हे त्याचे नाव. जेस मोठा होऊन फिडलवादक झाला. १९४२ साली गाणी गोळा करणारे जॉन लोमॅक्स यांनी जेसकडून ते गाणे ध्वनिमुद्रित करून घेतले, ते राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. जेसने आपण हे चार्लीकडून शिकलो हे लपवले नाही. त्याने नाव सांगितले म्हणून आज आपण पिंपरीत बसून चार्ली विलिस हे नाव वाचतो आहोत.

याच लोमॅक्स यांनी १९१० साली काउबॉय गाण्यांचे पुस्तक काढले होते. त्यातले पुढे सर्वांत गाजलेले 'होम ऑन द रेंज' हे गाणे त्यांना टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरातल्या एका काळ्या दारूदुकानदाराने ऐकवले. पूर्वी तो गुरांच्या तांड्याबरोबर आचारी म्हणून हिंडलेला होता. त्याच्यामुळे ती चाल जगभर गेली. पण लोकांच्या तोंडी त्याचे नाव नाही. एकाचे नाव कुणीतरी सांगितले, दुसऱ्याचे सांगितले नाही. फरक एवढाच.

आणि एकाने तर दुसऱ्यावर विसंबणेच सोडले. नॅट लव्ह हाही गुलामगिरीत जन्मलेला काळा काउबॉय. त्याने १९०७ साली स्वतःचे चरित्र स्वतः लिहून छापले. हाती लेखणी असली की काय होते ते इथे दिसते. पुढच्या काळात काळ्या काउबॉयांची आठवण हळूहळू जागी होऊ लागली, आणि २०२४ साली बियॉन्से या काळ्या गायिकेने 'काउबॉय कार्टर' नावाचा अल्बम काढला. २०२५ साली ग्रॅमी पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. काढून घेतलेली टोपी तिने पुन्हा डोक्यावर घातली असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या घरातले काम

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे जलसा आहे. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३०च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. ढोलकी, डफ, तुणतुणे घेऊन कष्टकरी माणसे गावोगाव हिंडली. बाबासाहेबांच्या दहा सभांइतके काम एक जलसा करतो, असे त्यांनी म्हटल्याची आठवण जुनी माणसे सांगतात. शाहीर भीमराव कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, हे त्यांचे मोठे उपकार.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मले. मुंबईत त्यांनी मजुरी केली, अक्षरे मोठेपणी गिरवली आणि १९४३ पासून २००४ साली जाईपर्यंत हजारो गाणी रचली. त्यांनी आणि इतर लोककवींनी एक शहाणपणाची रीत पाळली. शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव ओवायचे. ही नाममुद्रा. कागद हरवला, कॅसेट तुटली तरी गाणे जोवर तोंडी आहे तोवर नाव जाणार नाही. चार्ली विलिसला जेसची वाट पाहावी लागली, वामनदादांनी ती सोय गाण्यातच करून ठेवली. पण वेळ नाही म्हणून शेवटचे कडवे गाळले की नावही गळते. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाण्याचा पहिला तुकडाच दणदणत राहिला, तर गाणे पुढे जाईल आणि कवी मागे राहील. म्हणून आमची तरुणांना विनंती आहे, वामनदादांचे गाणे लावा तर शेवटपर्यंत लावा.

पुणे जिल्ह्यातच एक मोठे काम झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी सहकाऱ्यांसह मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पुढे 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. यातली आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. दळण करणाऱ्या बाईचे नाव!

हे काम आपण प्रत्येक घरात करू शकतो. माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील. त्या भंगारात देण्याआधी एकदा मोबाईलवर उतरवून घ्याव्यात. कव्हरवर कवीचे, गायकाचे नाव असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकीवर कोण होते, पेटीवर कोण, कोरसमध्ये कोण बसायचे, हे जुन्या माणसांना विचारून वहीत लिहावे. मुख्य गायकाचे नाव सगळ्यांना माहीत असते, मागे झील धरणाऱ्यांचे कुणी विचारत नाही. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या काळात आपल्या भागात काय गायले जायचे हे आई-वडिलांकडून ऐकलेले एखादे आजोबा, एखादी आजी आज वस्तीत असेल. पुढच्या वर्षी असेलच असे नाही. माय-माऊल्यांनी स्वतःला येणाऱ्या ओव्या नातवंडांकडून लिहून घ्याव्यात आणि खाली आपले नाव, माहेरचे गाव घालायला सांगावे. लाजू नये.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी तर हा सुट्टीतला उत्तम उद्योग आहे. एक वही, एक पेन आणि समोर बसलेले आजोबा. आधी गाणे म्हणवून घ्यायचे, मग एकच प्रश्न विचारायचा: आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवले?

उत्तर येईल ते नाव वहीत ठळक अक्षरांत लिहा.

जय भीम!